कोरा अंगठा

जिभेला अंगठा लावायचा, तो फोटोच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर घासायचा आणि मग समोरच्याच्या नाकापुढे धरायचा. "बघा. कोरा हाय का न्हाई?" संगमनेरला माझ्या स्टुडिओत आलेल्या प्रत्येकाने आमच्या पेंटरकाकांचा हा अंगठा पाहिला आहे.

कॉम्प्युटरवरून कॅनव्हासच्या कापडावर फोटो छापून देणारे दुकान तेव्हा पुण्यात नवेच निघाले होते. गिऱ्हाइकांचे फोटो मी तिथूनच छापून आणायचो. फोटो झकास यायचे, पण पाणी लागले की शाई ओघळायची. काका मूळचे पाट्या रंगवणारे. त्यांनी वार्निश मारायचे काम अंगावर घेतले. एक हात आडवा, वाळल्यावर दुसरा उभा, शिवाय कडा आणि पाठ. "पानी चोर हाय, कडंनं शिरतं," म्हणायचे. वार्निश बिनचमकीचे असल्याने मारले आहे की नाही हे नुसते बघून कळायचे नाही. म्हणून तो अंगठा.

त्याचा त्यांना नादच लागला होता. एका लग्नात पंगतीला बसले आणि भिंतीवरच्या पुढाऱ्याच्या गालाला थुंकी लावून मोकळे झाले. यजमान बघतच राहिले. "कच्चा हाय," काका म्हणाले आणि जिलबीकडे वळले. तुम्हालाही अशी माणसे भेटली असतील. त्यांच्यावर रागावता येत नाही.

मी जन्मभर लोकांचे फोटो काढले, आईचा काढला नाही. दिव्याखाली अंधार. ती गेल्यावर एकच सापडला, वाळवीने अर्धा खाल्लेला. पुण्याच्या दुकानाने जोडजाड करून आई उभी केली. काका तो फोटो छातीशी धरून घरी घेऊन गेले आणि चार दिवसांनी परत आणला. अंगठा घासला. कोरा. आईच्या हातची भाकरी त्यांनी माझ्याइतकीच खाल्ली होती. मी काय तपासणार?

वर्षश्राद्धाच्या सकाळी बायकोने फोटो ओल्या फडक्याने पुसला आणि आईचा चेहरा फडक्यावर उतरला. राहिला फक्त कोपरा, अंगठ्याएवढा, पदराच्या हिरव्या काठाचा. पुण्यात चौकशी केली. त्यांनी ते चित्र कॉम्प्युटरमधून पुसून टाकले होते आणि मूळ फोटोचा तिथेच भुगा झाला होता.

तसाच काकांच्या घरी गेलो. दम्यामुळे वर्षभर त्यांना वार्निशचा वास सोसत नव्हता, हे मला त्यांच्या सुनेने सांगितले.

"कोपरा नीट केल्ता, भाऊ," काका म्हणाले. "वाटलं, भिंतीवरचा फोटो कोन धुतंय?"

"माझी आई होती, काका."

"व्हय. तिचा तरी पुरा करावा म्हनून डबा उघडला हुता. न्हाई जमलं."

सांगितले असते तर मी त्यांना नुसते खुर्चीवर बसवून ठेवले असते. आजाराचा मला राग नव्हता. वर्षभर माझ्या नाकापुढे कोरा अंगठा धरला, याचा होता. अजून आहे.

पुढे ते लेकीकडे राहात्याला गेले आणि तिकडेच वारले. मी मातीला गेलो नाही.

आता वार्निश मीच मारतो. वाळले की अंगठा ओला करतो. गिऱ्हाइकांना आवडत नाही, पण मी तो कोपऱ्याला लावत नाही, थेट चेहऱ्यावर ठेवतो.