रिकाम्या मचाणावरून आलेली हाळी

इथं बरेच जण सुरुवातीला लिहितात की माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि शेवटी लिहितात की आता बसला. माझा तेव्हाही नव्हता, आजही नाही. मी बी.एस्सी. आहे, कळमनुरीला एका खासगी शाळेत विज्ञान शिकवलंय, आणि वर्गात भुताखेताचं काढणाऱ्या पोरांना बाकावर उभं केलंय. तरी हे लिहितेय, कारण मला माझ्याच घरात खोटारडी म्हटलं गेलं. ते मी ऐकून घेणार नाही.

आमचं शेत शिरड शहापूरच्या शिवारात आहे. नवरा ट्रकवर असतो, महिन्यातून एखाददा घरी. हळद आणि बोअरचं सगळं धाकटे दीर बघतात – वसंत भाऊजी. मागच्या उन्हाळ्यात आम्ही टरबूज लावलं आणि कोल्ह्यांनी वात आणला. डुक्कर निदान दिसेल ते खातं. कोल्हा नेमकं पिकलेलं निवडतो, गर खातो, उरलेलं तसंच टाकून जातो. वर तहान लागली की ठिबकच्या नळ्या चावतो! भाऊजी म्हणाले, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तार ओढू आणि स्टार्टरवरून डायरेक्ट करंट सोडू. मी म्हटलं, तारेला कोल्हा कोण अन् माणूस कोण ते कळतं का? राखण मी करते. त्यावर ते हसले. बाईमाणूस मचाणावर बसणार म्हणून सासूबाईही नाराज झाल्या. बरं, मग मी बसलेच.

शिकवलं रशीदचाचांनी. धुऱ्यापलीकडचं वावर त्यांचं. जन्मभर टरबूज-खरबूज केलेला माणूस, बोलायला लागला की थांबायचा नाही, आणि त्यातलं निम्मं बढाईचं. पण हौशीनं शिकवलं. आता नव्यानं राखणीला बसणाऱ्या कुणी हे वाचत असेल तर माझ्याकडून ऐका – वारा बघूनच जागा धरा, कारण कोल्ह्याला तुम्ही दिसायच्या आधी तुमचा वास येतो. पावडरचा वास मारणारे धुतलेले कपडे घालून जाऊ नका. बॅटरी सारखी चमकवू नका, दोन दिवसांत त्याची भीती मोडते. मोबाईल बंद ठेवा, कारण तो टुण्ण वाजला की तासाभराची मेहनत पाण्यात. त्याला पळायला एक बाजू मोकळी सोडा. मारायचं तर नाहीच, तो कायद्यानं गुन्हा आहे, आणि तसंही उंदीर तोच खातो. आणि काहीही झालं तरी त्याच्या मागं धावू नका. चाचा म्हणायचे, "बेटा, त्याला चार पाय हायत, तुला दोन. तू पडशील, त्यो हसंल."

आणि सगळ्यात महत्त्वाची हाळी. आमच्याकडं राखणीला बसलेला माणूस अधूनमधून लांब हाळी देतो – होऽऽऽ हो! पलीकडच्या मचाणावरचा तिला उत्तर देतो, त्याला त्याच्या पलीकडचा. म्हणजे मी जागा आहे, ठीक आहे, तू? उत्तर आलं नाही तर उठून बघायला जायचं, कारण साप चावलेला असू शकतो, माणूस पडलेला असू शकतो. नियम पक्का. हाळी आली की हातातलं काम सोडायचं, जागच्या जागी थांबायचं, तोंड तिकडं करायचं आणि उत्तर द्यायचं. चाचांनी मला याची इतकी सवय लावली की घरी भाकरी थापताना कुणी लांबून ओरडलं तरी माझा हात थांबायचा. सासूबाई चिडवायच्या त्यावरून.

चाचांची हाळी सगळ्या शिवारात ओळखू यायची. सुरुवात भरदार, शेवटी आवाज फाटायचा आणि मग एक खोकला. त्या खोकल्यानंच घात केला. गळ्यात गाठ निघाली, मुलगी शाहीन त्यांना नांदेडला घेऊन गेली, ऑपरेशन झालं. त्यांचं मचाण रिकामं पडलं, वावरात कुणी नव्हतं. त्या बाजूनं हाळी यायची बंद झाली, आणि खरं सांगते, मला फार चुकल्यासारखं व्हायचं.

तर त्या दिवशी... दिवस मावळत होता, चांगला उजेड होता. मी मचाणावर होते, मोबाईल बंद. एक मोठं टरबूज मी बियाण्यासाठी राखलं होतं, वर पाचोळा झाकून. डोळ्यांदेखत एक कोल्हा आला, पाचोळा सारला आणि त्यालाच तोंड लावलं. माझं डोकंच सटकलं. काठी घेतली, उतरले आणि धावले. हो, धावले. वर एवढे नियम सांगितले, तरी धावले! कोल्हा सरळ धुऱ्याकडं पळाला, मी मागं, पदर खोचलेला, तोंडात शिव्या. त्यानं धुऱ्यापाशी उंच उडी मारली आणि चाचांच्या वावरात पसार झाला. मीही त्याच वेगात धुऱ्यापर्यंत पोचले. गवत गुडघ्याएवढं वाढलेलं, पाय घालणार तेवढ्यात...

होऽऽऽ हो.

उजवीकडून, चाचांच्या मचाणावरून. भरदार, शेवटी फाटलेली, आणि मग खोकला.

माझे पाय थांबले. मी विचार करून थांबले नाही, सवयीनं थांबले. तोंड तिकडं केलं आणि दोन्ही हात तोंडाशी धरून उत्तरही दिलं. ते देऊन झाल्यावर डोक्यात आलं की चाचा तर नांदेडला आहेत. मी अजून मचाणाकडंच बघत होते. उजेड होता, सगळं स्वच्छ दिसत होतं. तिथं कुणी नव्हतं.

तेवढ्यात वेलांत लपलेला दुसरा कोल्हा माझ्या पायाजवळून निघाला आणि पुढच्या गवतात शिरला. फट्‌कन आवाज झाला, निळी ठिणगी उडाली, आणि तो तिथंच ताठ झाला. माझ्यापासून एका पावलावर. ओरडलासुद्धा नाही बिचारा. मी खाली बघितलं तेव्हा गवताआड तार दिसली.

तशीच उलट्या पायी मागं सरकले. बोअरच्या पेटीपाशी जाऊन कोरड्या काठीनं बटण पाडलं आणि मग मटकन खाली बसले. भीती कमी, राग जास्त.

घरी गेले तर भाऊजी जेवत होते. म्हणाले, दुपारीच ओढली, चाचाचं वावर तर खाली पडलंय, त्या बाजूनं कोण येतंय? लाईट आली की आपोआप करंट चालू. आणि वरून, "म्या मेसेज टाकला व्हता की, वहिनी."

मोबाईल बंद होता, हे मी सांगितलं. तर ते म्हणाले की मग थांबल्या कशा? म्हणजे तार दिसली असणार. म्हणजे तार दिसते. म्हणजे धोका नाही. सासूबाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं की तार दिसली होती असं म्हण आणि मिटव, घरात कटकट नको. आणि तिथंच माझी गोची होती. ते म्हटलं असतं तर तार राहिली असती. उद्या चाचा परत आले असते, त्यांची शाहीन आली असती, कुणाची म्हैस आली असती. आणि खरं सांगावं तर मी येडी ठरणार. बाई राखणीला बसली आणि घाबरून तिला आवाज ऐकू येऊन राहिले, हे गावभर व्हायला कितीसा वेळ लागतो?

मी खरं सांगितलं. मोठ्यानं, ओसरीवर उभं राहून, शेजारचे ऐकतील असं.

भाऊजींना तेच पाहिजे होतं. त्यांनी तिथंच शाहीनला फोन लावला, स्पीकरवर. चाचा कुठं आहेत विचारलं. ती म्हणाली, कुठं म्हणजे? माझ्यासमोर झोपलेत. गळ्याला नळी आहे, ऑपरेशन झाल्यापासून अब्बांच्या तोंडून आवाज नाही, येईल की नाही डॉक्टर सांगत नाहीत. भाऊजींनी फोन ठेवला आणि सगळ्यांकडं बघून म्हणाले, "ऐकलं? आता बोला. खोटं काहून बोलून राहिल्या?"

मला रडू येत होतं. चाचांसाठी. पण रडले नाही.

मी म्हटलं, "ठीक आहे भाऊजी, मी खोटारडी. तार दिसते म्हणता ना? उद्या पेटी चालू ठेवा. दिवस मावळताना मचाणावरून उतरा आणि मी धावले तसं त्या धुऱ्यावर धावत जा. तार दिसली तर थांबा. हाळी आली तर थांबा. कशानंही थांबा. थांबलात, तर तार राहू द्या."

सासूबाई एकदम उठल्या, भाऊजींचा दंड धरला आणि म्हणाल्या, "माझं लेकरू न्हाई जाणार तिथं." बोलून गेल्या. मग हळूच माझ्याकडं बघितलं. ती नजर मी विसरणार नाही.

सकाळी भाऊजींनी स्वतःच्या हातानं तार गुंडाळली. माझ्याशी बोलले नाहीत, अजूनही फारसं बोलत नाहीत. नका बोलू.

चाचा परत आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी गळ्यावर हात ठेवून नाही, नाही अशी मान हलवली. मग बराच वेळ माझा हात धरून बसले.

मी अजून राखणीला जाते. गावात दोन गट आहेत. एक म्हणतो बाईला लागीर झालंय, दुसरा म्हणतो बाई नाटकी आहे. मला दोन्ही मान्य नाहीत. आवाज मी ऐकला, उत्तर दिलं आणि म्हणून जिवंत आहे. तो कुणाचा होता, कुठून आला, मला माहीत नाही. इथल्या हुशार लोकांकडं याचं काही स्पष्टीकरण असेल – भास, वारा, मनाचे खेळ – तर जरूर सांगा, मी वाद घालायला तयार आहे. पण ज्याच्या स्वतःच्या धुऱ्यावर अशी तार असेल त्यानं आधी जाऊन ती काढावी, मग मला शिकवावं.