बाटलीपुरता तपासनीस

भिंतीला कान लावायची नंदाला गरजच पडली नव्हती. रांझीच्या त्या एकत्र घरात थोरले दीर गुणवंत आणि जाऊ ज्योती भांडले की अंगणापर्यंत ऐकू यायचं. त्या दिवशी ज्योती म्हणाली, "लोकांची सरकीची पेंड चांगली म्हणून लिहून देता, मग आपल्या गाईला काहून शेंगदाण्याची घालता?"

"बाटलीत येते ते मी तपासतो," गुणवंत म्हणाले. "पोत्यात काय आहे ते पोत्याला विचार."

नंदाला तेव्हा हसू आलं होतं.

गुणवंत पशुखाद्याच्या लॅबमध्ये तपासनीस. पांढरा कोट घालून भाजीलाही जायचे. आटोवाल्यानं डॉक्टरसाब म्हटलं की मान डोलवायचे. सरकीत मुळातच एक विष असतं. मोठी गाय ते निभावते, वासराच्या काळजाला झेपत नाही. पेंड औषधात भिजवायची, गाळायची, वरून दुसरं औषध टाकायचं. जितकं विष जास्त तितका रंग लाल. एवढंच काम. पण नमुना पोत्याच्या तळापासून काढावा लागतो आणि त्यानं कोट मळतो. म्हणून हे सदर बाजारात पेंड विकणाऱ्या शेठजींच्या दुकानी जायचे, चहा प्यायचे आणि शेठजींनीच भरून ठेवलेली बाटली घेऊन यायचे.

पुढे नंदा वेगळी होऊन महाराजपूरला गेली, गाय पाळली. शेठजींच्याच दुकानात दिराच्या सहीचा कागद लावलेला पाहून तिनं डोळे मिटून सरकीच्या पेंडीचं पोतं आणलं. थोड्या दिवसांत ती खाणारं वासरू धापा टाकू लागलं. गुरांच्या डॉक्टरला पेंडीचाच संशय आला, तशी ती तळातली मूठभर पेंड डब्यात घेऊन लॅबमध्ये गेली.

नळी लालभडक झाली. गुणवंतांनी ती खिडकीपाशी धरून पाहिली आणि मोरीत ओतून दिली.

"डब्यात आधी लोणचं होतं का गं?"

"नव्हतं, भाऊजी. पोत्यातलीच आहे."

"मग रीतीनं येऊ दे. शेठजींकडून, बाटलीत."

वासरू गेलं. ज्योती येऊन गाईच्या पाठीवरून हात फिरवत बसली. गुणवंत आले नाहीत. गोठ्यात कोटाला वास लागतो म्हणे. घरच्या गाईचं शेणही त्यांनी कधी काढलं नव्हतं.

मग नंदानं उरलेलं पोतं आटोत घालून सदरला नेलं आणि शेठजींच्या दारातच उलटं केलं. शेठजी म्हणाले, "दीदी, दूसरा ले जाओ." ती दारातच थांबली. गुणवंतांच्या नोकरीचा तो शेवटचा दिवस, शेवटची बाटली न्यायला ते येणार हे तिला ठाऊक होतं.

ते आले. पायाखालची पेंड पाहून त्यांनी कोट जरा वर धरला आणि ओलांडून आत गेले. चहा प्याले.

"काय नंदा, बरं चाललंय ना?"

उत्तराची वाट न पाहता त्यांनी शेठजींकडून भरलेली बाटली घेतली, रुमालानं पुसली, खिशात घातली आणि लॅबकडे निघाले.