मण्यांवर फिरणारी इस्त्री

मंगल, मला सुरतेला पाठवलं त्या सकाळी अमळनेर स्टेशनवर मायने माझ्या पिशवीत भाकरी कोंबल्या आणि बजावलं, "भाऊना घर शे ते. तोंड मिटीसन ऱ्हाय." तू नऊ वर्षांची होतीस, तिचा पदर धरून उभी. दादा सुरतेच्या डिंडोलीत राहतो, कापडाच्या लूमवर कामाला जातो, तो पोरीला बारावीपर्यंत शिकवेल, असं गावभर सांगून झालं होतं.

कॉलेज मी बाहेरूनच पाहिलं. वहिनी घरी मण्यांचं काम घ्यायची. बारीक खुंट्यांच्या प्लेटवर प्लास्टिकचे पोकळ मणी लावून मोर, फुलपाखरं करायची, वर बटरपेपर ठेवायचा आणि घरातल्याच इस्त्रीने मणी एकमेकांना चिकटवायचे. इस्त्री कमी फिरली तर मणी सुटतात, जास्त टेकली तर लगदा होतो. माझा हात चांगला बसला होता. शेजारच्या गुजराती मासी 'बहु सरस' म्हणायच्या, तेव्हा मला बरं वाटायचं.

एकदा नळाला पाणी आलं म्हणून धावले आणि इस्त्री मोरावर तशीच राहिली. वहिनी ओरडली नाही. तिने माझा डावा हात पाटावर दाबला, त्यावर बटरपेपर ठेवला आणि इस्त्री टेकवली. म्हणाली, "आता कळेल, किती वेळ ठेवायची ते." दादा दारात बूट काढत होता. त्याने दुसराही बूट काढला.

दिवाळीला माय आली. मी हात दाखवला. तिने तो उलटसुलट पाहिला आणि वहिनीला विचारलं, मोर फुकट गेला का. मला गावी ने म्हटलं, तर म्हणाली, "घरमा एक ताट कमी व्हयनं. परत कथाईन वाढू?"

पुढे काही वर्षांनी मी त्या घरातून निघाले. साड्यांना स्टोन चिकटवायचं काम धरलं, चलथाणला खोली घेतली. माय मला फोन करत नाही. परवा केला, तो तुला एक तारखेला वहिनीकडे पाठवतेय हे सांगायला. माझ्याकडे पाठव म्हटलं, तर एकट्या बाईकडे पोर ठेवत नाहीत म्हणाली.

म्हणून हे लिहिते. वाचून चुलीत घाल. माय सांगेल त्याला मान हलव, पॅसेंजरमध्ये बस. दादा उधना स्टेशनवर उभा असेल. तू त्याच्या आधी येणाऱ्या चलथाणला उतर, मी फलाटावर आहे. माझी खोली लहान आहे, पाणी खालून आणावं लागतं, मालकीण पाहुण्यांवरून कुरकुर करते. पण तुझ्या अंगावर इथे कुणी हात टाकणार नाही. घर म्हणजे मला आता एवढंच कळतं.