हरणटोळाचा उपास

मुलांनो, आई आपल्याला मांजरसुद्धा पाळू देत नाही, अशी तुमची तक्रार फोनवर ऐकली. लहानपणी तिच्याकडे काय होतं, हे तिने तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही. तिच्याकडे साप होता.

सुरतेत आम्ही एका गुजराती घरमालकिणीच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. तुमचे आजोबा कापडगिरणीत वीव्हिंग मास्तर होते. आषाढातल्या एका संध्याकाळी ते डब्याच्या पिशवीतून हरणटोळ घेऊन आले. हरणटोळ म्हणजे झाडावर राहणारा, पोपटी रंगाचा, वेलीसारखा बारीक साप. तो उडी मारून माणसाची टाळू फोडतो, अशी लोकांची समजूत आहे. ती खोटी आहे, पण गिरणीच्या मेंदीच्या कुंपणावर तो दिसताच कुणीतरी काठी हाणली होती. घाव शेपटीजवळ बसला होता. त्याला फांदीला विळखा घालता येत नव्हता.

"बरा होईपर्यंत ठेवू," आजोबा म्हणाले. म्हणजे मी ठेवायचा.

मी दुधातुपाचं जाळीचं कपाट रिकामं केलं, घासून पुसून घेतलं, आत तगरीच्या फांद्या बांधल्या. सकाळ-संध्याकाळ पानांवर पाणी शिंपडलं की तो थेंब चाटून प्यायचा. खात मात्र काही नव्हता.

भांडी घासणाऱ्या बाई खानदेशातल्या. त्या डोक्यावर परात धरूनच स्वयंपाकघरात शिरायच्या.

"अहो, मध्ये जाळी आहे ना!" मी म्हणायची.

"जाळी तुमनी शे, टाळू मनी शे," त्या अहिराणीत म्हणायच्या आणि परात न काढता मोरीवर बसायच्या.

तुमची आई तेव्हा तिसरीत होती. शाळेतून आली की दप्तर पाठीवर तसंच ठेवून ती कपाटासमोर बसे. तो जेवत नाही हे तिच्या लक्षात आलं आणि एका रात्री तिने ताट सरकवलं.

"तो जेवला की मी जेवते."

मी समजावलं, रागावले, गोष्टी सांगत घास भरवून पाहिले. ती दूध तेवढं प्यायची. डॉक्टर म्हणाले, भूक लागली की जेवेल. सापाबद्दल आजोबाही तेच म्हणत होते. मला दोघांचंही तोंड उघडता येत नव्हतं.

वाचनालयातून सापांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं. त्यात लिहिलं होतं की हरणटोळ जिवंत पाली खातो, आणि कोंडला तर बहुधा काहीच खात नाही. घरात पाली भरपूर होत्या. पण खाली घरमालकीण होत्या, ज्यांच्या घरात कांदासुद्धा येत नसे.

"बेन, नागदेवता घरमां आव्या छे, पूजा करो," त्यांनी मला जिन्यात गाठून बजावलं. "पण गरोळी ना खवडावाय." पाल खाऊ घालायची नाही.

तरी आजोबांनी टोपीखाली एक पाल धरून कपाटात सोडली. सापाने तिच्याकडे पाहिलं. पाल त्याच्या पाठीवरून चालत गेली आणि कोपऱ्यात बसली. शेवटी तीही बिचारी वाळायला लागली, तेव्हा मी दार उघडून तिला जाऊ दिलं.

मग आपली नागपंचमी आली. भांडी घासणाऱ्या बाईंच्या चाळीतल्या बायका लाह्या-दूध घेऊन वर आल्या. जाळीतून हळद-कुंकू, जाळीतून दूध. साप दूध पीत नाही, मी परत परत सांगितलं.

"तुमी शिकेल बाया!" एक जण हसून म्हणाली. "देव काय पेस, तुमले काय माहीत?"

दूध त्याच्या अंगावरून ओघळत होतं. तुमची आई जाळीला नाक लावून बघत होती, पिईल म्हणून. संध्याकाळी कपाटाला मुंग्या लागल्या. मी सगळं धुतलं, त्याच्या अंगावरही पाणी ओतलं. वाटलं, झालं एकदाचं. पण गुजरात्यांची नागपंचमी आपल्यानंतर पंधरवड्याने, वद्य पक्षात येते. त्या दिवशी घरमालकीण दूध आणि कुलेर घेऊन आल्या. कुलेर म्हणजे बाजरीचं पीठ, तूप आणि गूळ.

"हे गोड आहे. हे तो खाईल," तुमची आई म्हणाली.

त्याने तोंड फिरवलं. ती फ्रॉकमध्ये तोंड घालून रडायला लागली. घरमालकिणींनी प्रथमच त्याला नीट पाहिलं. त्याच्या पाठीचा कणा दोरीसारखा वर आला होता. त्यांचा वाटी धरलेला हात थांबला.

"बेन, आ तो भूख्या लागे छे."

"हो. महिनाभर तेच सांगतेय."

त्यांनी वाटी खाली ठेवली. "छोडी दो. एने जे खावुं होय ते खाय. आपणे जोवानुं नहीं." काय खायचं ते खाऊ दे, आपण बघायचं नाही.

त्यांच्याच परसातल्या मधुमालतीवर आम्ही त्याला ठेवलं. शेपटी अजून धड वळत नव्हती. दुपारभर तो तिथेच होता, नजर हलली की पानांत हरवायचा. अंधार पडेपर्यंत तुमची आई तिथून हलली नाही आणि त्या रात्रीही जेवली नाही.

सकाळी वेलावर तो नव्हता. भिंतीवर कावळे बसले होते, नेहमीपेक्षा जास्त, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे.

"गेला जेवायला," ती म्हणाली आणि सकाळी सकाळीच वरणभात मागितला.

तिने कावळे पाहिले होते की नाही, मी विचारलं नाही. भात वाढला, संपल्यावर आणखी वाढला.