मैलाच्या दगडाला लागलेला शेंदूर

धर्माजीकडं एक मैल होता. कुणाकडं मळा असतो, कुणाकडं दुभती म्हस असते, तसा ह्या गड्याकडं चाकण-तळेगाव रस्त्याचा एक मैल. रस्त्याच्या खात्यात असल्या माणसाला मैलकुली म्हणत. खड्ड्यात मुरूम भरायचा, चोपायचा, कडेच्या चाऱ्या उकरायच्या, झाडांच्या बुंध्यांना चुन्या-गेरूचे पट्टे ओढायचे, आणि पाट्या नि मैलाचा दगड रंगवून ठेवायचा. पन्नास सालाच्या पुढची ती वर्षं. पिंपरीकडं कारखाना उठतोय असं बाजारात ऐकू यायचं, पण आमच्या रस्त्याला मोटार क्वचित. बैलगाड्याच सगळ्या. त्यांच्या चाकांच्या लोखंडी धावा रस्ता खरवडीत पुढं जायच्या आणि धर्माजी शिव्या घालत मागनं मुरूम टाकीत जायचा.

गडी हंगामी होता. पाऊस लागला की खातं त्याला घरी बसवायचं, दसरा झाला की परत बोलवायचं. मधले महिने लोकांच्या बांधावर मोलानं जायचं, आणि रातचं बायकोची, पुतळाबाईची, बोलणी खायची. त्या साली मात्र ओव्हरसियर सायबानं शब्द दिला होता, "पाडवा झाला की मैल बघायला येतो. नीट दिसला तर तुला कायम करतो. नाहीतर दुसरा माणूस बघतो."

झालं. धर्माजीला दुसरं काही सुचेना. सकाळी भाकरी बांधून निघायचा तो दिवस मावळायला परत. साऱ्या पाट्यांवरची अक्षरं त्यानं काळ्या रंगानं नव्यानं गिरवली. आता खात्याकडनं रंग मिळायचा, बुरूस मिळायचा, पण बुरूस पुसायला चिंधी मिळायची नाही. आणि घरनं आणावी तर पुतळाबाईच्या घरातल्या चिंध्या सगळ्या अंगावर होत्या. म्हणून दिवसाचं काम आटपलं की धर्माजी बुरूस पुसायचा वळणावरच्या पाटीच्याच मागच्या अंगाला. पत्र्याची पाठ, तिकडं कोण बघतंय?

बघितलं मालोजीनं. मालोजी लढाईत ब्रह्मदेशात लष्कराची मोटार हाकून आलेला. लढाई संपून कितीतरी सालं झाली होती, पण त्याच्या तोंडातनं ती अजून संपलेली नव्हती. एक दिवस तो बाजारातनं येताना वळणावरच्या पाटीमागं लघवीला बसला. बसल्या बसल्या वर बघितलं, तर पत्र्यावर चार काळ्या रेघा, आणि त्यांच्या टोकाला एक वघळ, आडवा आमच्या वाडीच्या बाजूला गेलेला.

सांजच्याला पारावर त्यानं आवाज बारीक करून सांगितलं, "आमी बर्म्यात ह्येच करायचो. म्होरल्या अंगाला गावाचं नाव, मागल्या अंगाला लष्कराची खून. फुडनं येनाऱ्या गाडीला बरुबर कळतं कुठं वळायचं ते. चार रेघा म्हंजी चार कंपन्या. आन बान कुनीकडं हाय, म्हाईत हाय? आपल्या वाडीकडं."

"आन बुंध्याचं पट्टं?" कुणीतरी विचारलं.

"दिवं न लावता गाड्या हाकाय."

"आन मैलाचा दगड?"

"पाटी सांगती, दगड दावतो. दगडावर दोन आकडं हायती का न्हाईत? एक टँकांचा, एक शिपायांचा."

ते दोन आकडे चाकण किती नि तळेगाव किती, एवढंच सांगत होते. पण हे म्हणायला पारावर कुणी नव्हतं. धर्माजी दमून घरी घोरत होता.

ही गोष्ट हसण्यावारी गेली असती. पण पाराखाली गोजाबाई उभी होती. तिचं माहेर देहूरोडकडं. लढाईत तिकडं लष्कराचा डेपो झाला तेव्हा तिच्या भावांची जमीन तारेच्या कुंपणाच्या आत गेली. भाऊ कुठं कुठं पांगले. आता ह्या रांडमुंड बाईला उरलं होतं ते नवऱ्याचं पट्टीएवढं रान, आणि ते नेमकं मैलाच्या दगडामागं. मालोजीचं ऐकून तिचं तोंड पांढरं पडलं. ती म्हणाली, "आमच्या म्हायेरी तार घालायच्या आदी येशीचा दगुडच रंगवला हुता."

दुसऱ्या दिवशी धर्माजीला पारावर बोलावणं. रंगराव पाटलानं विचारलं, "धर्माजी, पाटीमागं काय ल्हिलंस?"

"काय बी न्हाई, पाटील. बुरूस पुसला."

"लष्कराच्या रेघा काढतोस नि बुरूस पुसला म्हनतोस?" मालोजी म्हणाला.

"आरं मालोजी, तुज्या लष्कराला मला अक्षरओळख न्हाई हे दिसंना व्हय? सायब खडूनं काढून देतो, त्याच्यावनं मी गिरवतो. मला कोन खून सांगनार?"

"तेच की राव. ज्याला वाचता येत न्हाई, त्यालाच असलं काम देत्यात. फुटाय नगं कुठं."

धर्माजी तडक वळणावर गेला, घासलेट लावून रेघा पुसून आला. म्हणाला, "घ्या. मिटलं?"

मिटतंय कुठलं! "पुसली," मालोजी म्हणाला. "म्हंजी निरोप पोचला."

धर्माजीचं टकुरं सणाणलं. त्यानं चार माणसं धरून खालच्या वस्तीच्या फाट्यावर नेली, बुरूस रंगात बुडवला आणि तिथल्या पाटीच्या पाठीला सगळ्यांदेखत पुसला. "बगा! अशा रेघा उटत्यात. कळलं का आता?"

त्या चौघांना कळलं. पण सांज व्हायच्या आत खालच्या वस्तीचा भिमाजी काठी घेऊन दारात हजर. "भाड्या, वाडीची खून पुसून आमच्या पाटीवर काडलीस व्हय रं?" पुतळाबाई मुसळ घेऊन उंबऱ्यात उभी राहिली म्हणून धर्माजीची पाठ वाचली. भिमाजी गेल्यावर तिनं ते मुसळ नवऱ्याकडं फिरवलं. "कुनी सांगितलं हुतं हुशाऱ्या करायला?"

आणि पाडवा तोंडावर आलेला असताना गोजाबाईनं आपलं काम केलं. सकाळी अंघोळ करून, तेलात शेंदूर कालवून तिनं मैलाच्या दगडाचं तोंड वरपासनं खालपातूर माखलं. नारळ फोडला. हळद-कुंकू वाहिलं. आकडे गेले, अक्षरं गेली, राहिला तो म्हसोबा. आता लष्कराचा बाप आला तरी खूण वाचायचा नाही, आणि देवाला हलवून जमीन घ्यायची छाती कुणाची? वाडीनं मान डोलावली. बाईनं डोकं चालवलं खरं.

धर्माजी येऊन बघतो तर दगड लालभडक. त्यानं खुरपं काढलं. तोवर चार बाया नि पाटील येऊन उभे.

"धर्माजी, शेंदूर लागलेल्या दगडाला लोखंड लावतोस?"

"पाटील, ह्यो मैलाचा दगुड हाय! ह्याला म्या माज्या हातानं पुरलाय, आकडा म्या गिरवलाय!"

"देव बी कुनीतरी पुरल्यालाच असतो," पाटील म्हणाले. "तुजं काम आडतंय हे खरं. तवा असं कर, कौल लाव. उजवा दिला तर खरवड, आमचं काय म्हननं न्हाई."

आता आली का पंचाईत? आपणच पुरलेल्या दगडाला, आपल्या नोकरीसाठी, हात जोडून विचारायचं. पण करतो काय! पंचा खांद्यावर टाकून धर्माजीनं अंघोळ केली, दोन कळ्या घेतल्या, एक दगडाच्या उजव्या अंगाला चिकटवली, एक डाव्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. "देवा, प्वॉट हाय मागं. उजवा दे," म्हणाला आणि बसला.

शेंदूर तेलातला, अजून ओला, दगड खरबरीत. कळ्या जी रुतून बसल्या त्या बसल्याच. ऊन डोक्यावर आलं. बाया कामाला गेल्या. धर्माजीनं एकदा इकडंतिकडं बघून हळूच फुंकर मारली, तरी उजवी हलेना. पाटील बिडी विझवून उठले. "देव बोलत न्हाई. त्यो बोलंस्तवर हात लावायचा न्हाई."

पाडवा झाला आणि साहेब जीपगाडीतनं उतरला. खड्डे बघितले, खूश. चाऱ्या बघितल्या, खूश. पाट्या बघितल्या. मग म्हणाला, "मैलाचा दगड कुठाय?"

"ह्यो काय," धर्माजी म्हणाला.

साहेबाचं तोंड शेंदरासारखं झालं. "सरकारी दगड आहे हा! खरवडून काढ. आत्ता!"

गोजाबाई दगडाला टेकून बसलेली. ती हलली नाही. साहेबानं तिच्याकडं बघितलं, वाळल्या खोबऱ्याकडं, हळद-कुंकवाकडं बघितलं, आणि त्याचे हात आपोआप जुळले ते त्यानं घाईनं खिशात घातले. "हे बघ," तो म्हणाला, "मी चाकणला जाऊन येतो. येईपर्यंत दगड पांढरा पाहिजे, अक्षरं पाहिजेत. कसं केलंस ते मला सांगायचं नाही. आणि नसला झाला, तर उद्यापासून येऊ नकोस."

जीप गेली. पाप धर्माजीच्या पदरात टाकून गेली.

त्यानं खुरपं उचललं. "गोजामावशी, ऊठ."

"खरवड की. मी कुटं धरलंय? आमच्या भावकीचा म्हसोबा बी तारंच्या आत ऱ्हायला. वरसातनं येक नारळ द्याया बी कुनी आत सोडत न्हाई. ह्यो बी जाऊंदे."

धर्माजीचा हात थबकला. दया वगैरे काही नाही. त्याला आठवलं की शेंदूर खरवडून घरी गेलं तर पुतळाबाई उंबऱ्याच्या आत घेणार नाही. खरवडावं तर घर गेलं, न खरवडावं तर नोकरी गेली. त्यानं खुरपं भिरकावलं नि ओरडला, "मावशे, ह्यो देव कशाची राखन कराय बसवलायस तू?"

"माज्या रानाची."

"मग त्याचं त्वांड रस्त्याकडं कशापायी? रानाकडं पाठ करून कुनी राखन करतंय व्हय?"

गोजाबाईनं रस्त्याकडं बघितलं, मागं रानाकडं बघितलं. "अगं बया," ती म्हणाली. "खरंच की."

पहार आली. दगड उकरला. गोजाबाईनं पदर खोचून हात लावला नि दोघांनी मिळून तो फिरवला. शेंदराचं तोंड रानाकडं, कोरी पाठ रस्त्याकडं. धर्माजीनं चुना मारला, आणि गिरवून गिरवून हाताला बसलेली अक्षरं नि आकडे ओल्या चुन्यावरच ओढले. साहेब आला तेव्हा काळा रंग अजून वघळत होता. साहेबानं जीपमधनंच बघितलं, दगडामागं काय हे बघायला उतरला नाही. म्हणाला, "ठीक. तू कायम."

धर्माजीनं त्या दिवशी गूळ वाटला. पण पारावर पोचला तर सगळे त्याच्याकडं बघून गालात हसत होते.

"मानलं राव!" मालोजीनं खांद्यावर थाप मारली. "सायबाच्या डोळ्यांदेखत वाडी वाचीवलीस."

"कशापास्नं?"

"मी दगुड बगून आलोय. खालच्या वस्तीकडं कलवलास. आता खून तिकडं दावती."

घाईत बसवलेला दगड खरंच वाईच कलता झाला होता. "आरं त्यो सरळ करायचाय!" धर्माजी बोंबलला.

"हात लावशील तर याद राख," पाटील म्हणाले. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

आणि दुसऱ्या दिवशी दारात भिमाजी. ह्या खेपेला काठी नव्हती, काखेत कोंबडी होती. "धर्माजीराव, रागाच्या भरात बोललो त्ये पोटात घाला. दगुड तेवडा वाईच म्होरं कलवा, पल्याडच्या गावाकडं. त्यांच्याकडं जमीन बक्कळ हाय."

"खून न्हाई रं, कसलीच न्हाई! कसं सांगू तुमास्नी? माज्या बापाशपत न्हाई!"

"व्हय व्हय," भिमाजी डोळा मिचकावत म्हणाला. "हंगामी हुतास तवा बी तसंच बोलत हुतास. आता तर सरकारी मानूस झालास. तू न्हाईच म्हननार."

धर्माजीनं घमेलं उचललं आणि मुरमाच्या ढिगाकडं चालू लागला. कोंबडी पुतळाबाईनं ठेवून घेतली.