दारूमुक्तीचा बॅनर घेऊन काठीकडे

नवापूरला उतरलं की आधी कोंबडीखाद्याचा वास येतो. मी निधी मागायला आले होते. काठी गावाजवळच्या एका पाड्यावर (डोंगरातली छोटी वस्ती) आमच्या संस्थेची समुपदेशक जीपने जायची. झोप न लागणारे, पिणारे, बोलणंच बंद केलेले, सगळे आंब्याखाली तिच्यापाशी बसायचे. आता जीपचा निधी संपला होता. सरकारी कार्यालयात व्यसनमुक्तीची पोस्टर्स हवी तेवढी मिळतात. डिझेलचा विषय निघाला की साहेब मीटिंगला जातात.

पोल्ट्रीवाल्या इक्बालशेठनी चहा पाजला.

"बेटा, आमच्या घरचा एक मुलगा दारूत गेला. जीपचं मी बघतो. पण कुछ दिखना चाहिए. सगळा पाडा हात वर करून शपथ घेतोय, असा फोटो आण."

मी लगेच हो म्हटलं आणि लाल अक्षरांत बॅनर छापून घेतला: 'दारूमुक्त पाडा'.

नंदुरबारहून पुढच्या बसमध्ये रनाळ्याच्या एक मावशी शेजारी होत्या. तळोद्याला लेकीकडे निघालेल्या. बॅनर कुठे लावणार ते त्यांनी विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "आमना रनाळाले बी लाव ना व माय! आमना मानसं काय दूध पेतस?" (आमच्या रनाळ्यालाही लाव ना गं! आमची माणसं काय दूध पितात?)

बस हसली. तापीचा पूल येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले.

मोलगीच्या पुढे मोहाखाली बायका फुलं वेचत होत्या. पाड्यावर गुलाबीने ज्वारीची भाकरी आणि उडदाची डाळ वाढली. आंब्याखालच्या बैठका तीच भरवते. तिचा भाऊ रायसिंग आधी दिवसभर प्यायचा, मग बोलेनासा झाला. समुपदेशक आली तरच घराबाहेर यायचा.

जेवण झाल्यावर शेठची फोटोची अट सांगितली आणि बॅनर बांधला. म्हातारा पुजारा (गावदेवाची पूजा करणारा) म्हणाला, "वाचून दाखव, ताई."

मी वाचलं.

"मग होळीला देवाला काय पाजू? चहा?"

"बिनसाखरेचा!" मागून कुणीतरी ओरडलं.

मोहाच्या दारूचा पहिला थेंब इथे जमिनीवर, देवाला आणि पूर्वजांना. माणसाची पाळी नंतर. हे मला माहीत होतं. तरी मी बॅनर आणला होता.

गुलाबी हसली नाही. "बाजारातली दारूची पाकिटं बंद करू. घरात ठेवणार नाही. पण देवासमोर खोटा हात वर केला आणि रायसिंगला काही झालं, तर तुझा शेठ येईल का?"

"मग जीप येणार नाही," मी म्हटलं. तोडूनच म्हटलं.

आतून आवाज आला. "मोलगीपर्यंत बस येते ना?"

रायसिंग दारात उभा होता. "तिथून मी आणेन बाईंना. गाडीवर."

गुलाबी उठली आणि मोटारसायकलवरची गोणपाटं काढायला लागली.

परत नवापूरला जाऊन शेठना खरं ते सांगितलं. "थोडी सोडली, थोडी ठेवली, असं नाही चालत बेटा," ते म्हणाले. त्यांचं दुःख खोटं नव्हतं. नकारही पक्का होता. फोटोला पैसे आहेत, फेरीला नाहीत, याची चीड मला अजून येते. पण तो फोटो काढायला मीच निघाले होते.

बॅनर पाड्यावरच राहिला. उलटा पसरून त्यावर मोहाची फुलं वाळवतात. समुपदेशक सांगते, बस लागायच्या आधीच रायसिंग मोलगीच्या स्टँडवर येऊन थांबलेला असतो. त्याच्या पेट्रोलचं काय, हे विचारत मी अजून दारोदार फिरते आहे.