बसक्याचं पेटंट

पुंजारामला आता लोक शास्त्रज्ञ म्हणतात. गेल्या महिन्यात आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात त्याला हार घालून पाहुणा म्हणून बसवला. म्हणोत बापडे. हेच लोक वीस वर्षं त्याच्या दुकानासमोर उभे राहून दात काढत होते. पुंजाराम शास्त्रज्ञ वगैरे काही नाही. तो जाफराबादच्या बसस्टँडसमोरचा सायकलवाला आहे, आणि सायकलवाला म्हणूनही बेताचाच. मी शाळेत शिकवायला सायकलने जात असे. त्याने काढलेलं पंक्चर आठवडाभर टिकलं तर मी घरी येऊन कौतुकाने सांगायची.

कारण त्याचं चित्त पंक्चरमध्ये नसायचंच. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवलेली, बुडबुडे येताहेत, आणि हा गृहस्थ दुसऱ्या हाताने बिस्किटाच्या डब्याचा पत्रा वाकवतोय. त्याने काय काय केलं? पाठीवर दाबली की मागून सायकलचा छर्रा घालणारी कोंबडी केली. कुठूनही दाबा, मान नकारार्थीच हलवणारा पत्र्याचा तलाठी केला. तो पाहायला अख्खी तहसील कचेरी लोटली, आणि खऱ्या तलाठ्याने पुढे वर्षभर आपली सायकल भोकरदनहून दुरुस्त करून आणली. घरी बायको दुसऱ्याच्या रानात निंदायला जाते आणि नवरा पत्र्याच्या कोंबडीला अंडी घालायला शिकवतो. मला अशा माणसांची चीड येते. त्याच्या बायकोला, साळूबाईला, माझ्याहून जास्त यायची.

"खऱ्या कोंबड्या इकल्या ह्यांनी," ती मला म्हणाली होती, "अन् ह्या पत्र्याच्या कोंबडीला तेल पाजून राह्यले."

मग १९८४ साली त्याने बैल केला.

वीतभर उंचीचा, पत्र्याचा, पोटात पिळलेल्या ट्यूबचा पट्टा, पायांत सायकलच्या तारा, मानेत घंटीची स्प्रिंग. किल्लीसारखं वशिंड फिरवलं की तो चार पावलं चालायचा आणि बसायचा. मधोमध, वाटेतच, पुढचे गुडघे टेकून. कितीही ढकला, उठायचा नाही. शेपटी पिरगाळली की मान झटकायचा, आधी मागचा भाग उचलायचा, मग पुढचा, आणि पुन्हा चार पावलं. नाव ठेवलं बसक्या. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा हसले, हे कबूल करते. सगळेच हसले. पण बैल मागून उठतो, पुढून नाही, एवढं बारीक त्याने पत्र्यात आणलं होतं, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही. आम्ही शेपटी पिरगाळण्यात गुंग.

भोकरदनच्या बाजारातल्या एका पत्रेवाल्याने मात्र बसक्या दोनदा उलटा करून पाहिला. त्या दिवसापासून पुंजारामच्या डोक्यात भुंगा शिरला. बसक्या आपला आहे हे ठरलं पाहिजे. यात त्याची हाव होती असं मी म्हणणार नाही. त्याचा बाप मेंढरं घेऊन हिंडणारा. मेंढरं गेली आणि पुढे जमीन झाली तीही चुलत्याच्या नावावर. रेशनकार्ड सोडलं तर या माणसाच्या नावावर जगात एकही कागद नव्हता. त्याला एक हवा होता.

त्याच्या गावात, म्हणजे जाफराबादपासून चार मैलांवर, एक रीत आहे. वर्षभरात कुणी नवा बैल घेतला तर तो पोळ्याला तोरणाखाली उभा करायचा आणि कोतवालाने मालकाच्या नावाचा पुकारा करायचा. एकदा पुकारा झाला की बैल त्याचा. पावती हरवो, दावं तुटो, बैल शेजारच्या गोठ्यात जाऊन उभा राहो, अख्खं गाव साक्षीला. तर काकासाहेब म्हणून तिथले माजी सरपंच होते. पद गेलं तरी सल्ला द्यायची सवय गेली नव्हती. त्यांनी फर्मान काढलं.

"पुंजा, तुझा बसक्या पोळ्यात आण. गावानं पाह्यला म्हंजे तुझा झाला. मंग भोकरदनचा येऊ दे, न्हाई तर दिल्लीचा."

आणला. मानाच्या जोडीच्या पुढे, पाटावर, अंगावर झूल, शिंगांना बेगड. कोतवालाने गळा फाडून पुकारलं, "पुंजाराम कोंडिबाचा बसक्या!" बसक्या चार पावलं चालला आणि तोरणाखाली बसला. पोरंटोरं, बाया, म्हातारे, सगळे ओरडले. जिल्हा तेव्हा नवाकोरा होता आणि जालन्यात साप्ताहिकं कुत्र्याच्या छत्र्यांसारखी उगवली होती. त्यातल्या एकाचा वार्ताहर आला. पुंजारामने त्याला बसक्याचं पोट उघडून ट्यूब कशी पिळायची, तार कुठे अडकवायची, सगळं बैजवार समजावून दिलं. तेही छापून आलं, फोटोसकट. पुंजारामने ते पान चौकटीत घालून दुकानात लावलं.

दोन वर्षांनी जालन्याचा एक खेळणीवाला शेठ बस चुकली म्हणून त्या दुकानाशी टेकला. त्याने बसक्या पाहिला, चौकटही वाचली, आणि म्हणाला, "पेटंट काढ याचं. पेटंट घेऊन ये, मी प्लास्टिकमधे काढतो, डब्यावर तुझं नाव टाकतो. पेटंट नसेल तर आज मी काढीन, उद्या दुसरा काढील."

झालं. डब्यावर नाव! पुंजाराम माझ्या दारात. मुंबईच्या ऑफिसला अर्ज इंग्रजीत लागतो, नाहीतर हिंदीत, आणि इंग्रजीची बाई मी.

अर्ज साधा होता. वस्तूचं वर्णन, आकृत्या, बस्स. पण सोबत काकासाहेब, आणि काकासाहेबांसोबत तहसीलसमोर लिंबाखाली बसणारा अर्ज लिहिणारा बद्रीनाथ. बद्रीनाथचं आयुष्यभराचं तत्त्वज्ञान एवढंच की अर्जाला वजन पाहिजे.

"बाई, नुस्त्या वर्णनाला कोण इचारतं?" तो म्हणाला. "पंचनामा लावू. गावाच्या सह्या लावू. सायबाला वाटलं पायजे का बिलकुल खरा मामला हाय."

"आणि पेपरचं पान लावा," काकासाहेब म्हणाले. "छापील हाय."

एक्कावन्न सह्या आणि अंगठे. 'आम्ही खाली सह्या करणारे शपथेवर लिहून देतो की सदर बैल दोन वर्षांपूर्वी पोळ्यात तमाम गावकऱ्यांच्या देखत चालला, बसला व उठला.' वर सरपंचाचा शिक्का. आमच्याकडे विहिरीच्या अर्जालाही याहून कमी कागद लागत नाहीत, तेव्हा कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. मी त्या पंचनाम्याचं चोख इंग्रजी केलं. 'तमाम गावकऱ्यांच्या देखत' याला असा छान शब्द सापडला की मी दिवसभर खूश होते.

अर्जाच्या कोऱ्या कागदांसोबत मुंबईहून नियमांची पुस्तिका आली होती. मुंगीएवढी अक्षरं. मी दोन पानं चाळली आणि मिटली. बसणाऱ्या बैलासाठी मी काही कायद्याचा अभ्यास करणार नव्हते. सहामाहीचे पेपर तपासायचे होते.

उत्तर यायला सव्वा वर्ष गेलं. पुंजाराम रोज पोस्टात. पोस्टमन त्याला पाहून लांबूनच हात हलवायचा. अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत पाकीट आलं ते त्याने फोडलंही नाही. तसंच घेऊन आला. मागे साळूबाई, आणि वासावर आल्यासारखे काकासाहेब.

मी वाचलं. दोनदा वाचलं.

"काय म्हंते मुंबई?" काकासाहेबांनी विचारलं.

"म्हणते, वस्तू नवीन नाही."

पुंजाराम हसला. "असं कसं? माझ्याआधी कुणी केल्ता?"

"तूच."

"मंग?"

"तू केलास, मिरवलास, पेपरात छापून आणलास. अर्ज त्यानंतर दोन वर्षांनी. अर्जाच्या आधी जगाला दाखवलेली वस्तू त्यांच्या लेखी जुनी. आणि दाखवली होती हे त्यांना आपणच कळवलंय. एक्कावन्न सह्यांनी."

"म्हंजे आधी कुनालाच दावायचा नव्हता?"

"नव्हता."

"अन् गावानं पाह्यल्याबिगर तो माझा हाय हे कळनार कसं?"

मी पत्र घडी करून पाकिटात घातलं. काकासाहेबांना मात्र उपाय सुचला. "मुंबईवाल्यांना पोळा काय म्हाईत? आपण दुसरा पंचनामा धाडू. एकशे एक सह्या घेऊ!"

"तुमी गप बसा वो काकासाहेब," साळूबाई म्हणाली. नवऱ्याच्या कामाची तिने कधी बाजू घेतलेली मी पाहिली नव्हती. ती माझ्याकडे वळली. "बाई, ते बुक आल्तं ना मुंबईवरून. त्याच्यात हे लिवलेलं असंल?"

पुस्तिका कपाटातच होती. मी काढली. अकराव्या पानावर होतं.

"आहे," मी म्हटलं.

"तुमी कवा वाचलं?"

"आत्ता."

फाईल तिने पदराखाली घेतली आणि तिघं गेली. जाताना पुंजाराम मला म्हणाला, "तकलीफ दिली बाई तुमाला." त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वर्षभरात राजूरच्या जत्रेत प्लास्टिकचे बसके आले. पिवळेजर्द, डब्यावर शेठचं नाव. मी एक विकत घेतला, केवळ पाहायला. चार पावलं चालला, बसला, शेपटी पिरगाळली तर उठला. मी तो पुंजारामच्या दुकानात नेऊन आपटला. वाटलं होतं, आता तरी हा माणूस संतापेल, जालन्याला जाईल, शेठची गचांडी धरेल. त्याने बैल खाली ठेवला, चालवला, बसवला, उठवला आणि त्याचं तोंड कडू झालं.

"बाई, हा पुढून उठून राह्यला."

"मग?"

"घोडा उठतो असा. बैल असा उठतो व्हय? ह्यानं कधी बैल पाह्यला न्हाई."

एवढीच तक्रार! नाव गेलं, डबा गेला, आणि याला दुःख बैल घोड्यासारखा उठतो याचं. त्या प्लास्टिकच्या शेपट्या आठ दिवसांत तुटत. पोरं तुटके बैल घेऊन पुंजारामकडे येत, आणि हा ते दुरुस्त करी. शेपटीच्या जागी सायकलची तार तर घालीच, वर पाय काढून, पुढचे-मागचे उलटे बसवून, बैल मागून उठणारा करून देई. ज्याने चोरलं त्याच्या मालातली चूक हा फुकटात सुधारत बसला होता. मी त्याला तोंडावर मूर्ख म्हटलं. तो म्हणाला, "पोरं चुकीचं शिकतील ना बाई."

हे मी कौतुकाने लिहीत नाही. कौतुक करणाऱ्यांनी हार घातलेच आहेत.

त्यानंतर पुंजाराम एकच गोष्ट शिकला, आणि तीही वेड्यासारखी. साधारण त्र्याण्णवपासून दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात पोत्याचा पडदा लागला. पडद्याआड काहीतरी नवीन आहे. काय आहे ते दहा वर्षांत कुणीही पाहिलेलं नाही, आणि तेवढ्यावरच लोक त्याला शास्त्रज्ञ म्हणू लागले. काकासाहेब न पाहता वारले. विज्ञान प्रदर्शनवाल्यांनी हातापाया पडून ते मागितलं. हा रिकाम्या हातांनी आला, हार घालून घेतला आणि चहा पिऊन गेला.

प्रदर्शनानंतर चार दिवसांनी माझ्या पुढच्या चाकाची हवा गेली. पासष्टीतही मी सायकलवरच जाते, आणि दुसरा सायकलवाला दोन मैल लांब. पुंजाराम ट्यूब बुडवून बसला. साळूबाई पाटीत शेंगा निवडत होती. तिने विषय काढला.

"मलाबी दावलं न्हाई बाई अजून. बायकोनं पाह्यलं तरी वस्तू जुनी व्हती का वो?"

"अजिबात होत नाही," मी म्हटलं. "विश्वासातल्या माणसाला दाखवलं तर चालतं. मी ती पुस्तिका आता पूर्ण वाचली आहे. पुंजाराम, ऐक. मला दाखव, मी वर्णन लिहिते, एकही सही नाही, एकही शिक्का नाही, थेट मुंबईला. न पाहता मी लिहू कसं?"

"बुकात लिवलंय, चालतं म्हणून?"

"लिहिलंय."

त्याने ट्यूब पाण्यातून काढली, बुडबुड्याच्या जागी खडूने खूण केली.

"मागल्या खेपंलाबी लिवलेलंच व्हतं बाई," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. एखादा पाना कुठे ठेवलाय ते सांगावं तसा.

साळूबाईने शेंगांवरची नजर वर केली नाही.

ट्यूब वाळेपर्यंत तो पडद्याआड गेला. वशिंड फिरवल्यासारखी करकर ऐकू आली. मग काहीतरी चाललं. पावलं मोजून सात. मग थांबलं. मग पत्र्यावर काहीतरी जोरात वाजलं आणि पुंजाराम आत एकटाच खदखदून हसला. साळूबाईला हसू आवरेना, कशाला हसायचं हे ठाऊक नसताना. मी मान लांब केली. पोत्याला एक भोक होतं, पण त्याला आतून ठिगळ लावलेलं होतं. सायकलच्या ट्यूबचं, चोख बसवलेलं.

माझं पंक्चर मात्र चौथ्या दिवशी सुटलं.